एकोणीस चावे

गुरुवारी दुपारी तीनचा चहा घेऊन कुराशिना तोकिए टेबलाशी परतली, तेव्हा की-बोर्डच्या शेजारी एक चॉकलेट ठेवलेले होते. पांढऱ्या मेणकागदात गुंडाळलेले, कागदाची दोन्ही टोके पिळलेली. तिने ते लगेच उचलले नाही. आधी वाकून पाहिले. कागदावर एक अक्षरही नव्हते.

डावीकडच्या टेबलावर तसेच एक होते, उजवीकडच्याही. खिडकीपाशी दोघीजणी तोंड हलवत बसल्या होत्या.

"त्सुकादासानने कागोशिमाहून खाऊ आणलाय," पलीकडून मुरोझुमी म्हणाले, नावाला नेहमीचा आदराचा 'सान' जोडून. ते या कचेरीचे काचो, म्हणजे विभागप्रमुख. पुठ्ठ्याचा पांढरा खोका हातात धरून ते स्वतःच टेबलाटेबलावरून फिरत होते. "ती बँकेत गेलीय. म्हटलं, आपणच वाटून टाकावा. घ्या ना, कुराशिनासान."

"कागोशिमाहून चॉकलेट?"

"चार दिवस रजेवर होती ना. आज सकाळीच आली."

"तसं नाही. चॉकलेटच्या कारखान्यात चॉकलेट कोण आणतं?"

"नवीन पिढी आहे," काचो हसले. "आपल्यापेक्षा चांगलं आहे का ते तरी बघू." आणि ते पॅकिंगच्या खोलीकडे गेले.

तोकिएचे समाधान झाले नाही. कागोशिमाचा खाऊ असेल तर त्यावर कागोशिमा लिहिलेले असणारच. तिथल्या ज्वालामुखीचा, धुराचा डोंगर असेल, जांभळे रताळे असेल, निदान गावाचे नाव तरी. स्टेशनवर गाडी सुटता सुटता घेतलेला खाऊही गावाच्या नावाशिवाय कोणी विकत घेत नाही. आपण कुठे जाऊन आलो हे सांगण्यासाठीच तर तो वाटायचा. हे बिननावाचे चॉकलेट त्या हिशेबात बसत नव्हते. शिवाय दुसऱ्या दिवशी चव-चाचणी होती, आणि चाचणीच्या आदल्या दुपारपासून गोड खायचे नाही, हा तिचा स्वतःचा तीस वर्षांचा नियम. तिने ते चॉकलेट दोन बोटांनी उचलून खणात, स्टेपलरच्या शेजारी ठेवले आणि खण बंद केला.

मिनोवा मिठाई कारखाना तसा लहान. चिकुमा नदीच्या या बाजूला जर्दाळूच्या बागा आहेत, आणि कारखान्याचे नाव झाले ते जर्दाळूच्या चॉकलेटमुळे. युझु लिंबाचे आणि सफरचंदाचेही निघते, पण दुकानात आधी संपते ते जर्दाळूचे. वरून चॉकलेटचे पातळ कवच, आत शिजवलेल्या जर्दाळूचे चिवट सारण. तोकिए तिशीत इथे मालाच्या पाठवणी विभागात कारकून म्हणून लागली. पहिल्याच वर्षी तिने मोठ्या मालकांना जाऊन सांगितले की आज आलेल्या साखरेला रॉकेलचा वास येतो. बाकी कोणालाच येत नव्हता. चौकशी केली तेव्हा कळले, त्या ट्रकमधून आदल्या दिवशी स्टोव्हच्या तेलाचे डबे गेले होते. त्या दिवसापासून चव-खोलीत चौथ्या क्रमांकाची जागा तिची झाली.

साठाव्या वर्षी ती नियमाप्रमाणे निवृत्त झाली आणि नियमाप्रमाणेच एकेका वर्षाच्या करारावर परत आली. करारात कामाच्या रकान्यात दोन ओळी होत्या: पाठवणीचे कागद, आणि चव-चाचणी. पाठवणीचे कागद आता बरेचसे संगणकच करतो. म्हणजे खरा आधार दुसऱ्या ओळीचाच होता. तो करार एप्रिलमध्ये संपत होता.

आणि डिसेंबरात तिला सर्दी झाली होती.

साधी सर्दी नव्हे. पाच आठवडे नाक असून नसल्यासारखे. एका संध्याकाळी ती चुलीपाशी उभी असताना मासा जळून कोळसा झाला, आणि नवरा यासुओ बागेतून खोकत खोकत आत आला तेव्हा तिला कळले. जानेवारीच्या शेवटी वास परत आला. पण पूर्ण परत आला का? दुरुस्तीहून आलेल्या घड्याळाकडे माणूस जसा दिवसातून दहादा संशयाने बघतो, तशी ती आपल्या नाकाकडे बघू लागली. सकाळी मिसोचा, आंबवलेल्या सोयाबीनचा, डबा उघडून हुंगायची, मग यासुओला हुंगायला लावायची. "कालच्यासारखाच आहे गं," तो म्हणायचा. त्याच्या सांगण्यावरही तिचा भरवसा नव्हता. तो खोकल्याच्या औषधालाही छान म्हणणारा माणूस.

या वर्षात तीन चाचण्या झाल्या होत्या आणि त्यांतल्या दोन तिच्या चुकल्या होत्या. फेब्रुवारीत हायामाने जाहीर केले की एप्रिलपासून चव-खोलीत बाराऐवजी आठच जण बसतील. चार चाचण्यांचे गुण धरायचे. शुक्रवारची चाचणी चौथी.

हायामा मिओरि सत्तावीस वर्षांची, प्रयोगशाळेची प्रमुख. दोन वर्षांपूर्वी ती आली आणि तिने चव-खोलीतले गोल टेबल काढून भिंतीला लागून बारा कप्पे केले, रंगावरून ओळखू नये म्हणून लाल दिवे लावले. पूर्वी चव घेऊन लोक बोलायचे, आता नुसते नंबर लिहायचे. मुलगी वाईट नव्हती. पण मोजता येत नाही त्यावर तिचा विश्वास नसावा, असा तोकिएचा अंदाज होता. आणि एकसष्ट वर्षांच्या बाईची जीभ कशात मोजणार?

शुक्रवारी सकाळी रेडिओवरच्या कवायतीला काचो मुरोझुमी मागच्या रांगेत उभे राहिले. ते नेहमी पुढे उभे राहत. तोकिएने ते पाहिले. कवायत संपल्यावर ते तिच्याजवळ आले आणि तिच्या खांद्याच्या वरून कुठेतरी बघत म्हणाले,

"तब्येत कशी आहे, कुराशिनासान?"

"ठीक आहे."

"सर्दी? अजून थोडीफार असेल ना?"

"नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"छान, छान," काचो म्हणाले, पण त्यांचा चेहरा छान ऐकलेल्या माणसाचा नव्हता.

गेल्या सहा वर्षांत या माणसाने तिची तब्येत एकदाही विचारली नव्हती. नाक अडलेले असतानाही नाही. तोकिएच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. करार नवा करायचा नसेल तर कारण लागते, आणि कारण म्हणून तब्येत फार सोयीची.

साडेनऊला त्सुकादा मोठा खोका घेऊन आली आणि प्रत्येकाच्या टेबलावर एकेक केक ठेवत निघाली. वेष्टनावर धुराचा डोंगर, जांभळे रताळे, आणि ठळक अक्षरांत कागोशिमा.

"अगं, पुन्हा?" खिडकीजवळची एकजण म्हणाली. "किती खर्च करतेस!"

"पुन्हा म्हणजे?" त्सुकादा गोंधळून हसली. तेवढ्यात तिकडचा फोन वाजला आणि ते बोलणे तिथेच राहिले.

त्सुकादा आपल्या टेबलाशी आल्यावर तोकिएने हळूच विचारले, "कालचं चॉकलेट तुमचं नव्हतं का?"

"कालचं? नाही हो. माझ्यापण टेबलावर होतं एक. मला वाटलं, आणखी कोणीतरी कुठेतरी जाऊन आलंय. मी खाऊन टाकलं. माझा खोका हा आत्ता कुरियरने आला, विमानात कोण नाचवणार एवढा."

तोकिएने काचोंकडे पाहिले. काचो प्रिंटरकडे टक लावून बघत होते. प्रिंटर बंद होता.

आता तिच्याकडे चार गोष्टी झाल्या होत्या. बिननावाचे चॉकलेट. ते बरोबर चाचणीच्या आदल्या दिवशी वाटले जाणे. देणाऱ्याचे नाव खोटे निघणे. आणि काचोंची तिच्या सर्दीबद्दलची आस्था. या चारांची एक रेघ काढली तर ती कुठे जाते, हे तिला दिसत होते. चाचणीच्या आदल्या दिवशी कोण गोड खातो, हे बघण्यासाठी हायामाने सापळा लावला असावा, आणि काचो त्यात सामील असावेत. आपण ते चॉकलेट खाल्ले नाही, एवढेच तिला त्यात बरे वाटले. पण एक सापळा लावणारा माणूस दुसराही लावतो.

साडेदहाला ती चौथ्या कप्प्यात बसली. लाल उजेड, कोमट पाण्याचा पेला, बिनमिठाचे बिस्किट, टोक काढलेली पेन्सिल. समोरची लहान खिडकी सरकली, हायामाचा हात आत आला, तीन बश्या ठेवून गेला. ४१७, ८६२, ३५९. प्रत्येक बशीत जर्दाळूचे एक चॉकलेट. तिन्हींपैकी दोन सारखी, एक वेगळे. वेगळे म्हणजे काय वेगळे, हे कोणाला सांगत नाहीत. ते ओळखायचे, एवढेच काम.

तोकिएची रीत ठरलेली होती. चॉकलेट अर्धे तोडायचे. जिभेवर ठेवायचे आणि दात लावायचे नाहीत. मनात तीस अंक होईपर्यंत कवच तोंडाच्या उबेने आपोआप वितळते, कारण चॉकलेटमधले कोकोचे तूप अंगाच्या उष्णतेच्या जरा अलीकडेच विरघळते. मग जिभेवर सारण एकटे उरते. तिथून चावायला सुरुवात, आणि तिथून मोजणी. पहिले तीन चावे नुसते आंबट. चौथ्यापासून जर्दाळूचा गर येतो, पिकलेला, थोडा उन्हात सुकलेला. दहाव्याच्या पुढे आठळीजवळचा तो किंचित कडसर वास, जो फक्त इथल्या बागेतल्या फळाला असतो. एकोणिसाव्या चाव्याला दातांखाली काही उरत नाही. पंचवीस नाही, सतरा नाही. एकोणीस. हे तिने कधी कोणत्या अर्जावर लिहिले नव्हते, कारण तसा रकाना नव्हता.

४१७. एकोणीस.

पाणी, बिस्किट, पुन्हा पाणी.

८६२. एकोणीस. कडसर वास दहाव्यानंतर, जागच्या जागी.

३५९ आधी हुंगले. मग तोंडात ठेवले, डोळे मिटले. एकोणीस.

तिने डोळे उघडले. उरलेले अर्धे तुकडे उलट्या क्रमाने घेतले. ३५९, ८६२, ४१७. तिन्हींत एका केसाचाही फरक नव्हता.

पहिला संशय तिला स्वतःचा आला. हेच जानेवारीत झाले होते: फरक होता, बाकीच्यांना कळला आणि तिला कळला नाही. तिने बशीतला शेवटचा कण घेतला, चिमटीत नाक घट्ट धरले आणि चावला. नुसते गोड, नुसते आंबट, मऊ. हे काहीही असू शकले असते. मग चिमटी सोडली. त्याच क्षणी जर्दाळू घशातून नाकात चढला, आठळीच्या कडसरपणासकट, अख्खा. नाक होते. जागेवर होते.

बरे, समजा नाक अजून थोडे अधू असेल. मग चावे? सर्दी नाकाला झाली होती, दातांना नाही.

म्हणजे तिन्ही चॉकलेटे एकच होती. म्हणजे कोणीतरी तिच्यासमोर मुद्दाम तीन सारखी चॉकलेटे ठेवली होती आणि त्यातले एक वेगळे म्हणून निवड, असे सांगत होते. हाच तो दुसरा सापळा.

शेजारच्या पाचव्या कप्प्यात काचो मुरोझुमींनी घसा खाकरला. त्यांची पेन्सिल कागदावर झरझर चालली आणि खुर्ची मागे सरकली. आत येऊन त्यांना पाच मिनिटेही झाली नव्हती.

तोकिएने अर्ज पुढे ओढला. 'तिन्हींपैकी एक नमुना वेगळा आहे. त्याचा क्रमांक लिहावा. ओळखता न आल्यास अंदाजाने लिहावा. रकाना रिकामा सोडू नये.' अंदाजाने लिहिले तर तीनात एक संधी. एखादा नंबर बरोबर ठरला तर चारांत दोन बरोबर, कदाचित आठांत नंबर लागेल, करारातली दुसरी ओळ राहील. आणि जे खरे वाटते ते लिहिले तर नियमाप्रमाणे ते चूकच धरणार. तिथे संधी शून्य. हिशेब अगदी सोपा होता. तिने पेन्सिल ४१७ वर टेकवली. थोडा वेळ तशीच धरली.

मग तिने रकान्यात लिहिले: तिन्ही एकच. आणि अर्ज खिडकीतून आत सरकवला.

खिडकी बंद झाली, आणि लगेच पुन्हा उघडली.

"कुराशिनासान, नंबर लिहायचा राहिलाय तुमचा."

"राहिला नाही. लिहिलंय मी."

"हे उत्तर धरता येत नाही. नियम आहे ना..."

"नियम मला पाठ आहे. तिन्ही एकच आहेत."

खिडकीत आता हायामाचा चेहरा दिसत होता, लाल उजेडात लाल. "एक वेगळं आहेच," ती म्हणाली. "मी स्वतः केलंय. चाळीस नग, हाताने. चार दिवस लागले."

"मग ते चाळीस कुठे गेले ते बघा."

हायामा खिडकीला तोंड लावून हळू आवाजात म्हणाली, "अंदाजाने लिहा ना एक. प्लीज. आजचे गुण तुमच्यासाठी किती महत्त्वाचे आहेत, मला माहीत आहे."

हा प्रेमळपणा तोकिएला फार खटकला. सापळा लावणारेही असेच बोलतात. "हायामासान, खरं सांगा. तुम्ही आज चॉकलेट तपासताय की मला?"

"चॉकलेट!" हायामाचा आवाज दुखावल्यासारखा चढला आणि बाराही कप्प्यांत ऐकू गेला. "मी असं कशाला करीन?"

तोकिए तिच्याकडे बघत राहिली. ही मुलगी चिडली की खरी चिडते, हे दोन वर्षांत तिने पाहिले होते. रेघ कुठेतरी चुकली होती.

"तुमचं ते वेगळं," तिने विचारले, "किती चाव्यांत संपतं?"

"चाव्यांत?"

"आपलं जुनं एकोणिसात संपतं. तुमचं किती?"

हायामाने असे कधी मोजले नव्हते. तिच्याकडे सारण दाबून बघायचे यंत्र होते. ती क्षणभर मनात आकडे जुळवत राहिली. "सारण पाव हिश्शाने मऊ आलंय. तर... चौदा? पंधरा?"

"थांबा," तोकिए म्हणाली. "सुरी काढून ठेवा."

ती कचेरीत गेली, खण उघडला, स्टेपलरशेजारचे चॉकलेट घेऊन परत आली. चव-खोलीमागच्या ओट्यावर हायामाने ते सुरीने कापले. अर्धे तिला, अर्धे हिला. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, दात न लावता, कवच वितळायची वाट बघत. मग तोकिएने बोट वर केले आणि दोघींनी चावायला सुरुवात केली. तोकिए ओट्यावर बोटाने ठोका देत होती. सातव्यालाच जर्दाळू सगळा एकदम आला, गडद, गोड, आणि आला तसा निघून गेला. दहाव्याला कडसर वास आला नाही. चौदाव्या ठोक्याला तिचे बोट थांबले. हायामाचे तोंडही थांबले.

"हे माझं आहे," हायामा म्हणाली. तिने ओट्यावरचा मेणकागद उचलून उजेडाकडे धरला. "हा पीळही माझाच. मी डावरी आहे, माझा पीळ उलटा पडतो." मग काहीतरी सुचून तिने केराची टोपली पुढे ओढली. सकाळी सोडलेले चाळीस कागद त्यात होते. तिने पाच-सहा काढून पाहिले. सगळ्यांचा पीळ सुलटा.

तोकिएला स्वतःचा थोडा राग आला. एवढे वाकून पाहिले आणि पीळ पाहिला नाही.

"हे तुम्हाला मिळालं कुठे?"

"माझ्या टेबलावर. काल तीन वाजता. सगळ्यांच्याच टेबलावर होतं. कागोशिमाचा खाऊ म्हणून."

"कागोशिमाचा?" हायामा मटकन स्टुलावर बसली. "मी खोका चहाच्या खोलीत ठेवला होता. उत्तरेकडच्या फडताळात. प्रयोगशाळेतलं कपाट बिघडलंय, आणि तिथे दिवसभर बरोबर सतरा अंश असतं."

"त्यावर काही लिहिलं का नव्हतं?"

"लिहून कसं चालेल? कोणाला काही कळू नये म्हणूनच तर..." ती मध्येच थांबली.

कोऱ्या खोक्यात कोऱ्या कागदातले चाळीस नग, चहाच्या खोलीत, रजेवरून माणूस परत आला त्या दिवशी. ते वाटून टाकायचे राहिलेत, याशिवाय दुसरे काही या कचेरीत कोणाच्या मनात आले असते? तोकिएने मनातली रेघ पुसली आणि नवी काढली. ती रेघ सरळ पाचव्या कप्प्याकडे गेली.

काचो मुरोझुमी तोपर्यंत दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी सगळे ऐकले होते. दोन्ही हात मांड्यांना लावून ते कमरेतून वाकले आणि वाकलेलेच राहिले, त्यामुळे पुढचे सगळे त्यांनी जमिनीला सांगितले.

"साडेपाचला हायामासान म्हणाल्या, फडताळातल्या पांढऱ्या खोक्याला कोणी हात लावू नये असं सगळ्यांना सांगा. तोवर खोका रिकामा झाला होता. सव्वीस कचेरीत, चौदा पॅकिंगमध्ये. मला घाम फुटला. मग लाइनवरून, छापील कागद लागायच्या आधीचे चाळीस उचलले, तसल्याच कोऱ्या मेणकागदात गुंडाळले... साचा एकच आहे. दिसायला अगदी तसेच."

"आणि चवीला?" हायामाने विचारले.

"मला दोन्ही छान लागली."

"तुम्हाला माहीत होतं तिन्ही एकच आहेत," तोकिए म्हणाली. "मग तुम्ही काय लिहिलंत?"

हायामाने गठ्ठ्यातून त्यांचा अर्ज काढला आणि वाचला. "३५९. शेरा: स्पष्ट वेगळे, आंबटपणा जास्त."

"रकाना रिकामा सोडू नये असं लिहिलंय ना," काचो जमिनीला म्हणाले.

हसू कोणाला आधी फुटले ते कळले नाही, पण ते तोकिएचे नव्हते. तिचा एक हिशेब अजून बाकी होता. "आणि सकाळी माझी सर्दी कशाला विचारलीत?"

काचो सावकाश सरळ झाले. कान लाल झाले होते, आणि तो लाल दिव्याचा रंग नव्हता. "बाकीच्या अकरा जणांची मला काळजी नव्हती, कुराशिनासान. तुम्ही ओळखाल अशी भीती होती. म्हटलं, अजून थोडी सर्दी असली तर... देवाची कृपा."

तोकिएने हे वाक्य मनात दोनदा उलटसुलट करून पाहिले, मागे काही दडले आहे का म्हणून. काही सापडले नाही.

हायामा अर्ज मोजत होती. प्रत्येक क्रमांकाला किती: चार, चार, तीन. "संध्याकाळी मी अहवाल पाठवला असता," ती कोणाकडेच न बघता म्हणाली, "की फरक कोणालाही जाणवत नाही. मे महिन्यापासून नवं सारण सुरू झालं असतं." तिने तोकिएचा अर्ज सगळ्यांत वर ठेवला. मग मान वर करून म्हणाली, "पण चाचणी रद्द धरावी लागेल. सगळ्यांचीच. तुमचं उत्तर बरोबर होतं, तरी त्याचे गुण देता येणार नाहीत."

"मला तेच वाटलं होतं," तोकिए म्हणाली. "पुन्हा कधी?"

"चार दिवस करायला. पुढच्या शुक्रवारी."

"मी ते आता चाखलंय. मला चौदा ठाऊक आहे. हे चालेल का?"

"ते सगळ्यांनीच चाखलंय," हायामा म्हणाली. "सगळ्यांनी, अख्खं. तुम्ही तर अर्धंच."

त्या आठवड्यात तोकिएने मिसोचा डबा रोज दोनदा हुंगला. यासुओने एकदा विचारले, "आता काय झालं? जिंकलीस ना तू?"

"अजून नाही," ती म्हणाली. "शुक्रवारी बरोबर आलं तर बरोबर. नाहीतर मी फक्त एकदा भांडून खरी ठरलेली बाई."

हायामाने या वेळी खोका प्रयोगशाळेतच कुलपात ठेवला, बर्फाच्या पिशव्यांवर टॉवेल घालून. तरी शुक्रवारी सकाळी तोकिएने चहाच्या खोलीत डोकावून फडताळ पाहिलेच. रिकामे होते.

६०५, २३८, ९७१.

एकोणीस. तिने पाणी घेतले. दुसऱ्याला जर्दाळू सातव्यालाच सगळा आला, तरी ती मोजत राहिली, कारण मनाला आधी कळलेले दातांनी पुन्हा सांगावे लागते. चौदा. तिसऱ्याला एकोणीस. मग उलट्या क्रमाने, मग नाक धरून, मग नाक सोडून. खोलीतून सगळे उठून गेले तरी ती बसली होती. शेवटी तिने रकान्यात २३८ लिहिले, तिन्ही अंक नीट वळवून.

बारांपैकी आठ जणांनी बरोबर ओळखले. फरक कळतो, हे ठरायला इतके पुरेसे होते. नवे सारण परत प्रयोगशाळेत गेले. चुकलेल्या चौघांत काचो मुरोझुमी होते, आणि त्यांनी ते स्वतःच सगळ्यांना सांगितले. हायामा दोन दिवस कोणाशी फारशी बोलली नाही. आठ दिवसांची हातमेहनत वाया गेली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती वही घेऊन तोकिएच्या टेबलाशी आली.

"चावे कुठून मोजायचे?" तिने विचारले. "कवच धरून, की ते विरघळल्यावर?"

"विरघळल्यावर."

"आणि दाढेनेच? दोन्ही बाजूंनी, की एकाच?"

तोकिएने तिच्याकडे बारकाईने पाहिले. "हे कशाला हवंय तुम्हाला?"

"अर्जात रकाना करायचाय," हायामा म्हणाली.

"उजव्या दाढेने," तोकिए म्हणाली. "आधी मला लिहून दाखवा, काय लिहिताय ते."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तोकिए चहा घेऊन परतली, तेव्हा की-बोर्डच्या शेजारी एक लिफाफा होता आणि लिफाफ्यावर एक चॉकलेट. पांढऱ्या मेणकागदात, टोके पिळलेली. या वेळी कागदावर पेनाने लिहिलेले होते: 'लाइनवरचे. साधे. आजचेच. मुरोझुमी.'

तिने आधी पीळ पाहिला. सुलटा होता. लिफाफ्यातून करार काढला आणि कामाचा रकाना वाचला. दोन ओळी होत्या. चष्मा पुसून तिने दुसरी ओळ पुन्हा वाचली. पलीकडे काचो प्रिंटरकडे बघत होते. प्रिंटर चालू होता.

तिने चॉकलेट अर्धे तोडले आणि जिभेवर ठेवले. कवच विरघळेपर्यंत थांबली. मग मोजू लागली. एकोणिसाव्याला दातांखाली काही उरले नाही, तेव्हा तिने खण उघडून सहीऐवजी उमटवायचा आपल्या नावाचा शिक्का बाहेर काढला.